जुनी होडी घेतली, मशीन फुल रेसवर दहा मिनिटांत बंद पडतं. मेकॅनिक म्हणतो पिस्टन गेले

खाडीकाठची
१२ ऑक्टोबर, रात्री ९.४०

नमस्कार. इथे कोकणातली आणि जहाजांवर नोकरी करणारी बरीच मंडळी आहेत, म्हणून विचारते. जरा घाई आहे. सोमवारी मेकॅनिक मशीन खोलायला येणार आहे. खोललं की अठ्ठावीस हजार, असं त्याने आधीच सांगून ठेवलंय.

आम्ही देवबागचे. घर कर्ली नदीच्या अंगाला. नवरा गोव्यात ट्रॉलरवर असतो, महिन्यातून एकदोनदा घरी येतो. घरात मी, सासरे आणि नववीतली मुलगी. सासऱ्यांचं वय ६४, सगळा जन्म वल्ह्याच्या होडीत गेला. आता खांदा साथ देत नाही म्हणून यंदा नारळी पौर्णिमेनंतर मशीनवाली होडी घेतली. २२ फुटी, फायबरची, मशीनसकट १ लाख ६५ हजारांना. त्यातले ९० हजार माझे, सुकी मासळी विकून आठ वर्षांत साठवलेले. उरलेलं बचत गटाचं कर्ज. त्याचा पहिला हप्ता गेला आणि होडी अजून धड दहा दिवससुद्धा मासेमारीला गेलेली नाही.

मशीन आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं, १५ हॉर्सपॉवर, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, रश्शी ओढून चालू करायचं. ज्यांच्याकडून घेतली ते काका नदीत बरेच आत राहतात. त्यांच्याकडे दोन पावसाळे होडी झापाखाली होती, अधूनमधून काढायचे. घेताना नदीतच अर्धा तास चालवून दाखवली, तेव्हा काहीच झालं नाही.

आता त्रास असा. मशीन दुसऱ्या ओढीला चालू होतं. हळू चालतं तेव्हा आवाज एकसारखा. नदीतून मुखापर्यंत काही नाही. बाहेर पडून फुल रेस दिली की आठ-दहा मिनिटांनी मागून कुणी धरून ठेवल्यासारखी होडी जड होते, मशीनचा आवाज खाली येतो, दोन गचके आणि बंद. पेट्रोलच्या पाइपातला रबरी फुगा पाच-सहा वेळा दाबून रश्शी ओढली की लगेच चालू. पुन्हा तीन-चार मिनिटांनी तेच.

पहिल्यांदा बंद पडलं ते नेमकं संगमावर. ओहोटी लागली होती, नदीचं पाणी बाहेर धावत होतं आणि समोरून समुद्राची लाट फुटत होती. सासरे एका वल्ह्याने नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, लाटेकडे धरून बसले आणि मी रश्शी ओढत होते. होडीत एकच वल्हं होतं. भोगव्याकडची एक होडी आली, तिने ओढून नेलं म्हणून आज हे लिहिते आहे. त्या दिवसापासून मी मुलीच्या जुन्या वहीत टिपून ठेवते. त्यातलं इथे देते:

३ ऑक्टो. टाकी भरलेली. फुल रेस, ९ मिनिटांनी बंद.
५ ऑक्टो. अर्धी रेस, ४० मिनिटं, बंद नाही.
६ ऑक्टो. फुल रेस, ८ मिनिटांनी बंद. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा होता, बघितलं. मशीन थंड करून मागून पडणारी पाण्याची धार चांगली, हाताला कोमट.
८ ऑक्टो. पहाटे, मशीन थंड. फुल रेस, १० मिनिटांनी बंद. फुगा चपटा झालेला, आपोआप फुगला नाही.
१० ऑक्टो. दोन्ही नवे प्लग घातले. फुल रेस, ९ मिनिटांनी बंद.

मेकॅनिकने रश्शी हाताने ओढून बघितली आणि म्हणाला, कंप्रेशन कमी लागतंय, पिस्टन-रिंगा गेल्या, बोअर करावा लागेल. माणूस चांगला आहे, पण त्याचं सगळं काम मोटरसायकलींचं. सासऱ्यांचं म्हणणं वेगळंच. ते म्हणतात, "ह्यां मशीन उपाशी रवता हा." त्यांना मशीनमधलं काही कळत नाही हे तेच सांगतात, पण आवाज ऐकून त्यांना तसं वाटतं.

खोलू द्यावं का? की त्याआधी घरच्या घरी काही बघता येईल? पाना-पक्कड आहे, मी सांगाल ते करीन.

पुणे_गुहागर_पुणे
१२ ऑक्टोबर, रात्री १०.१५

ताई, सरळ फसवणूक आहे. नदीत चालवून दाखवलं, समुद्रात दाखवलं नाही, म्हणजे विकणाऱ्याला ठाऊक होतं. पैसे परत मागा, नाही दिले तर पोलीस ठाण्यात अर्ज करा. मशीनचं म्हणाल तर कार्बोरेटर साफ करून घ्या, ९० टक्के वेळा तेच असतं.

चौथा_इंजिनिअर
१२ ऑक्टोबर, रात्री ११.५०

मी मोठ्या जहाजांवर डिझेलमध्ये काम करतो, आउटबोर्ड माझा प्रांत नाही. पण पेट्रोलबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण किनाऱ्यावर ती कुणी सांगत नाही.

आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. होडीतली टाकी अर्धी रिकामी, वर दमट खारी हवा, दिवसा तापणार, रात्री थंड होणार. असं महिनोन्‌महिने चाललं की आत पाणी साठत जातं. एका मर्यादेपर्यंत ते मिसळून राहतं, मग एके दिवशी इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतं आणि पेट्रोल वर राहतं. टू-स्ट्रोकला हे फार वाईट. तुम्ही घातलेलं ऑइल वरच्या पेट्रोलसोबत राहतं, तळाच्या थरात ते जवळजवळ नसतं. आणि टाकीतली नळी ओढते तळातूनच. म्हणजे मशीनला ऑइलशिवायचं पाणचट मिश्रण मिळतं. तेव्हा मात्र पिस्टन खरोखर जातात.

टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी दोन थर दिसले तर ते मशीनला देऊ नका.

दुसरं म्हणजे, इथेनॉल जुन्या रबराला खातं. दोन पावसाळे पडून राहिलेली होडी म्हटल्यावर पाइप, फुगा, पंपातला पडदा, सगळ्यावर माझा संशय आहे. पण क्रमाने काय बघायचं ते या कामातल्या माणसाने सांगावं.

जुना_तांडेल
१३ ऑक्टोबर, पहाटे ५.३०

ताई, सोमवारी मशीन खोलू देऊ नका. मेकॅनिकला फोन करून आठवडाभर थांबायला सांगा.

मी रत्नागिरीच्या बाजूचा, तीस वर्षं मशीनवर काढली, त्यातली बारा लोकांची मशीनं दुरुस्त करण्यात. तुमच्या वहीतली ८ तारखेची ओळ मी तीनदा वाचली. "फुगा चपटा झालेला, आपोआप फुगला नाही." या एका ओळीवर सगळं आहे.

त्या फुग्यात दोन वॉल्व्ह असतात, पेट्रोल टाकीकडून मशीनकडे जाऊ देतात, उलट येऊ देत नाहीत. मशीनवरचा छोटा पंप फुग्यातून पेट्रोल ओढत राहतो. टाकीकडून तेवढंच येत असेल तर फुगा गोल राहतो. टाकीकडून येणं अडलं आणि पंप ओढतोच आहे, तर फुगा आत चिपकतो. म्हणजे पंप जिवंत आहे. तुमचा दोष फुग्याच्या मागे आहे, टाकीच्या बाजूला. रिंगा गेल्याने फुगा चपटा होत नाही हो. आणि रिंगा गेलेलं मशीन दुसऱ्या ओढीला चालू होऊन नदीभर एकसारखं चालणं कठीण. कंप्रेशन हाताने ओढून कळत नाही. प्लगच्या जागी मीटर लावून दोन्ही सिलिंडर मोजायचे, आकडे पुरेसे आणि जवळपास सारखे आले तर पुढचा विचारच करायचा नाही.

अर्ध्या रेसवर का चालतं? कारण तेव्हा पेट्रोल कमी लागतं, अडलेल्या वाटेनेही तेवढं येतं. फुल रेसला दुप्पट-तिप्पट लागतं, तेवढं येत नाही. कार्बोरेटरच्या वाटीतलं संपतं आणि मशीन गचके देऊन मरतं. तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, त्यांनी बरोबर ऐकलं आहे.

आता मागे अडू शकणाऱ्या जागा तीन. टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू, टाकीत बुडलेल्या नळीच्या टोकाची जाळी, आणि टाकीपासून फुग्यापर्यंतचा पाइप. स्क्रू उघडा होता असं तुम्ही लिहिलंय, पण तो उघडा असूनही आतलं भोक मिठाने बुजलेलं असतं कधीकधी. तेव्हा एकदा झाकणच सैल ठेवून चालवा, टाकी नीट बांधून, पेट्रोल हिंदकळून सांडणार नाही असं.

त्याने फरक पडला नाही तर शेजारच्या कुणाची टाकी आणि पाइप एक दिवस मागून घ्या. पाइपाचं टोक तुमच्या मशीनला बसतंय ना ते बघा, कंपनीनुसार ते वेगळं असतं. त्यांच्या पेट्रोलमध्ये ऑइल तुमच्या मशीनला लागतं तेवढंच आहे ना, तेही विचारा. मग असं करा: आधी त्यांची टाकी, त्यांचा पाइप. चाललं तर त्यांची टाकी, तुमचा पाइप. मग तुमची टाकी, त्यांचा पाइप. तीन फेऱ्यांत चोर सापडतो आणि एक रुपया लागत नाही. हे सगळं नदीत करा. देवबागला नदी रुंद आहे, वर-खाली फुल रेसने दहा मिनिटं सहज मारता येतात. संगमाकडे जायचं नाही.

आणि एक गोष्ट रागाने लिहितो, माफ करा. एका वल्ह्याने मुखाबाहेर पुन्हा जाऊ नका. दोन वल्ही, नांगर आणि त्याला पुरेशी दोरी, दोघांना लाइफ जॅकेट. मशीन बंद पडलं की आधी नांगर टाकायचा, मग रश्शी ओढायची. रश्शी ओढता ओढता होडी खडकावर गेलेली मी पाहिली आहे.

पुणे_गुहागर_पुणे
१३ ऑक्टोबर, सकाळी ९.०५

काका, फुग्याचं मला माहीत नव्हतं. पण विकणाऱ्याला एवढं सहज सोडायचं का?

खाडीकाठची
१५ ऑक्टोबर, रात्री ८.३०

काका, इंजिनिअर दादा, दोघांचे खूप आभार. मेकॅनिकला थांबवलं. तो रागावला नाही, उलट काय निघतं ते मलाही सांगा म्हणाला.

बाटलीतलं पेट्रोल सकाळी बघितलं, थर नाहीत. तळाला बोटाच्या पेराएवढा काळा गाळ मात्र होता, मऊ, चिमटीत घेतला की काजळीसारखा पसरणारा.

झाकण सैल ठेवून बघितलं. ९ मिनिटांनी बंद, म्हणजे काहीच फरक नाही.

मग शेजारच्या दादांची टाकी-पाइप आणली. त्यांच्याकडे मशीन आमच्याच कंपनीचं आहे, ऑइलही ५० ला १, आमच्यासारखंच. वहीत लिहिलं ते असं:

त्यांची टाकी, त्यांचा पाइप: फुल रेस, २५ मिनिटं, बंद नाही. फुगा गोल.
त्यांची टाकी, आमचा पाइप: ७ मिनिटांनी बंद. फुगा चपटा.
आमची टाकी, त्यांचा पाइप: फुल रेस, २० मिनिटं, बंद नाही.

पहिल्या फेरीला पंधरा मिनिटं झाली तेव्हा सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, पण बोलले काही नाहीत. वीस झाली तेव्हा म्हणाले, "फिरव आता, पेट्रोल दुसऱ्याचा हा."

पाइप बाहेरून अगदी चांगला दिसतो. कुठे चीर नाही, गळती नाही. घरी आणून मुलीने आणि मी ब्लेडने उभा चिरला. आतून सापाच्या कातीसारखा पातळ थर पाइपापासून सुटून आला होता, हातभर लांबीचा. एका टोकाला धरलेला, दुसरं टोक मोकळं. फुंकर मारली तर हवा पलीकडे जाते, तोंडाने ओढली तर तो थर आतल्या आत मिटतो आणि काहीच येत नाही. मी चार-पाच वेळा करून बघितलं. मेकॅनिकने पाइप फुंकूनच बघितला होता, आणि मोकळा आहे म्हणाला होता.

विकणाऱ्या काकांचं. मी त्यांना फोन केला, भांडायला नाही, विचारायला. ते म्हणाले, गेली दोन वर्षं मी फक्त नदीत कांडाळी (जाळी) लावायला जायचो, फुल रेस कधी दिलीच नाही. पाइप त्यांनी तीन वर्षांपूर्वी गाड्यांच्या दुकानातून आणलेला, साधा. मला त्यांचं खरं वाटतं. अर्ध्या रेसवर माझ्याकडेही ४० मिनिटं चाललंच होतं. त्यांनी आपणहून नव्या पाइपाचे पैसे देतो म्हटलं. पोलिसात जाण्यासारखं यात काही नाही, आणि त्यांच्याशी माझी रोज पाण्यावर गाठ पडणार आहे.

जुना_तांडेल
१५ ऑक्टोबर, रात्री ९.५०

छान केलंत. पाइप चिरून ओढून बघितलात, हे फार कमी लोक करतात.

नवा पाइप आउटबोर्डचाच घ्या, इथेनॉल चालतं असं त्यावर लिहिलेला. फुगा आणि दोन्ही टोकांची जोडणीसुद्धा नवीन घ्या. टोकाच्या ओ-रिंगमधून हवा ओढली जाते, बाहेर पेट्रोल गळत नाही म्हणून कुणाला कळत नाही. फुग्यावरचा बाण मशीनकडे. चालू करण्याआधी दाबताना फुगा बाण वर करून उभा धरा, वॉल्व्ह नीट बसतात.

पण अजून संपलं नाही. ती कात आतल्या आत तुटत होती, तिचे कण मशीनकडे गेले असणार. फिल्टर बदला आणि कार्बोरेटरची वाटी उघडा. त्यासाठी मेकॅनिकला बोलवा, हे काम त्याच्या हातचं आहे. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल येतं त्या बारीक भोकात, तार घालू नका म्हणावं. भोक एका केसाने मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं. क्लीनर आणि हवेचा दाब, एवढंच. टाकी पूर्ण रिकामी करून धुवा.

मशीन हातात आहेच तर पाण्याच्या पंपातलं रबरी इंपेलर बदलून टाका. धार आज चांगली आहे, पण दोन पावसाळे पाकळ्या एकाच बाजूला वाकून राहिल्या की कडक होतात. गिअरचं ऑइलही थोडं काढून बघा. दुधासारखं पांढरं असेल तर सील गेलं आहे.

खाडीकाठची
२३ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.१०

झालं. पाइप, फुगा, फिल्टर, इंपेलर, क्लीनर आणि मेकॅनिकची मजुरी धरून ४ हजार ३०० रुपये. पाइपाचे पैसे विकणाऱ्या काकांनी दिले ते यातून वजा करायचे आहेत.

कार्बोरेटरच्या वाटीत काळे कण निघाले, मोहरीपेक्षा बारीक. एक जेट अर्धं बुजलेलं होतं. मेकॅनिकने मीटर कुठून तरी आणला आणि कंप्रेशनही मोजलं. दोन्ही सिलिंडर जवळजवळ सारखे. तो स्वतःच म्हणाला, वहिनी, मी खोललं असतं तर पिस्टन बदलून पुन्हा तोच पाइप लावला असता. चिरलेला पाइप तो दुकानात टांगायला घेऊन गेला.

जुनं इंपेलर काढलं तर सहापैकी दोन पाकळ्यांना मुळाशी चिरा. गिअरचं ऑइल स्वच्छ.

आज मुखाबाहेर गेलो. भरती लागताना, तांडेल काकांनी सांगितलं ते सगळं होडीत घेऊन. वहीत लिहिलं: फुल रेस, ३५ मिनिटं, बंद नाही. सासरे नाळेवर बसले होते आणि येताना नांगराची दोरी त्यांनी स्वतः वळून ठेवली. बांगडा मिळाला, फार नाही, एक टोपली.

होडी अजून कागदावर विकणाऱ्या काकांच्याच नावावर आहे. उद्या मालवणला मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात जाते. मेकॅनिककडून आल्यावर करू म्हणून ते राहिलं होतं. हे खरं तर पैसे देण्याआधी करायला हवं होतं.

देवगड_७
२९ ऑक्टोबर, दुपारी १.२०

हा धागा वाचला. माझंही फुल रेसवर बंद पडतं, पण फुगा चपटा होत नाही. उलट दगडासारखा कडक राहतो, दाबला तरी दबत नाही. माझाही पाइपच का?

जुना_तांडेल
२९ ऑक्टोबर, रात्री ८.००

नाही. कडक म्हणजे फुग्यापर्यंत पेट्रोल येतंय, पुढे जात नाही. फुग्याच्या पुढे बघा: मशीनला लागणारी जोडणी, तिच्या आतला वॉल्व्ह, फिल्टर, कार्बोरेटरची सुई. जोडणी काढून खिळ्याने आतली गोळी दाबा आणि फुगा दाबा, बाटलीत धार येते का ते सांगा. बिडी-काडी लांब ठेवून. किती मिनिटांनी बंद पडतं आणि तेव्हा रेस किती होती, तेही लिहा.